दसऱ्यानंतरचा वर्ग

पहाटे ५:१५

बीड शहरातली दोन खोल्यांची जागा. नोव्हेंबर २०२५ चा शेवटचा आठवडा, बाहेर गारठा. ताई तव्यावर भाकरी टाकतात आणि ती भाजेपर्यंत मोबाइलवर आलेली यादी वाचतात. आज केज तालुक्यातल्या एका गणाचं, म्हणजे पंचायत समितीच्या एका मतदारसंघाचं, प्रशिक्षण आहे. गणातल्या ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, ‘आपले सरकार’ सेवा केंद्रांचे केंद्रचालक, अंगणवाडी सेविका, आशा, बचत गटांच्या बाया, मुख्याध्यापक असे सगळे यायचे आहेत. विषय आहे पुढच्या वर्षाचा गावाचा विकास आराखडा. २०१५ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावानं हे काम दरवर्षी होतं. गावात मात्र सगळे ‘जीपीडीपी’ म्हणतात.

ताईंचं नाव इथं देत नाही. गणात त्यांना कुणी नावानं हाकही मारत नाही. आधी त्या स्वतःच्या बचत गटाचे हिशेब लिहायच्या. मग आजूबाजूच्या गावांतले गट बघायला लागल्या. मग पुण्याला बाणेर रस्त्यावर, यशदात, म्हणजे यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनीत, प्रशिक्षकांचं प्रशिक्षण झालं आणि त्या ‘प्रवीण प्रशिक्षक’ झाल्या. यशदात ठरतं ते जिल्ह्याला येतं, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून गणाला. ताई शेवटच्या पायरीवर उभ्या असतात. त्यांच्यापुढं थेट गाव.

पगार नाही. जितके वर्ग तितकं मानधन, आणि तेही बिल मंजूर झाल्यावर खात्यात येतं. तोवरचा खर्च पदरचा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा फडक्यात बांधतात. दुपारचं जेवण तिकडं आहे. हे संध्याकाळच्या एसटीसाठी.

सकाळी ६:४०

बसस्थानकाजवळचं झेरॉक्सचं दुकान नुकतंच उघडलंय. ताईंनी रात्री जागून ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून गणातल्या एकेका ग्रामपंचायतीचा कागद काढलाय. गेल्या वर्षी आराखड्यात कोणती कामं धरली, किती निधी आला, किती खर्ची पडला, शिल्लक किती. ही माहिती बघायला पासवर्ड लागत नाही. मोबाइल असलेल्या कुणालाही दिसते. तरी गावात ती पाहिलेला माणूस शोधावा लागतो.

शंभर पानं. दीड रुपयाप्रमाणे दीडशे रुपये. या खर्चाला बिलात जागा नाही. मग कशाला काढता, असं मी विचारलं.

“कागद हातात नसला की मी दिवसभर बोलते आन् ते ऐकतात,” ताई म्हणाल्या. “कागद असला की ते बोलतात.”

पिशवीत बाकीचं सामान कालच भरून ठेवलंय. चार्ट पेपरची गुंडाळी, सहा मार्कर, सुतळीचं बंडल, रांगोळीच्या तीन पुड्या, चिकटपट्टी, हजेरीचे कोरे तक्ते. पिशवी खांद्याला कापते. त्या दर दहा मिनिटांनी खांदा बदलतात.

सकाळी ७:२०

अंबाजोगाईकडं जाणारी एसटी. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. केजपर्यंत पन्नासेक रुपये लागतात. पूर्वी हाच खर्च दुप्पट होता आणि लांबचा वर्ग आला की ताई आधी हिशेब करून मग होकार द्यायच्या.

मांजरसुंब्याचा घाट. डोंगरातली सीताफळं घेऊन एक आजी स्टॉपवर बसलीय. पाटी जवळजवळ रिकामी, हंगाम संपत आलाय. पुढं नेकनूर. रस्त्याकडेच्या शेतांत सप्टेंबरच्या अतिवृष्टीच्या खुणा अजून दिसतात. बांध फुटलेले, एका ठिकाणी माती वाहून खाली मुरूम उघडा पडलेला.

समोरून एक ट्रॅक्टर येतो. मागं दोन ट्रॉल्या. त्यात पत्रे, बांबू, पाण्याची टाकी, पोती, एक शेळी, आणि सगळ्यांवर बसलेली माणसं. उशिरा निघालेली ऊसतोडीची टोळी असावी. बाकीचे दसरा-दिवाळीतच गेले. पश्चिम महाराष्ट्रातले कारखाने, काही कर्नाटकातले. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचं. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. दोघं मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडतात. परत येणं मार्च-एप्रिलमध्ये.

ताई ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत बघतात. “ह्यात आपले सदस्य असतील,” म्हणतात. त्या अंदाजानं बोलत नाहीत. यादीत सातजणांपुढं त्यांनी पेन्सिलीनं ‘ऊस’ असं लिहिलंय.

सकाळी ८:२५

मस्साजोग. गाव रस्त्यालाच लागून आहे. या गावचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण झालं आणि त्यांचा खून करण्यात आला. एसटीत कुणी काही बोलत नाही. दोन-तीन माणसं खिडकीबाहेर बघतात.

बीड जिल्ह्यात हजाराच्या वर ग्रामपंचायती आहेत. त्या दिवसानंतर त्यातल्या प्रत्येक सरपंचाच्या घरात हा विषय निघाला असणार. नेतृत्वावरचं कुठलंही सत्र इथं या गावाला वळसा घालून जाऊ शकत नाही. ताई सांगतात, वर्गात हा प्रश्न येतोच. कधी चहाच्या वेळी येतो, कधी एखादी बाई हळूच बाजूला घेऊन विचारते.

सकाळी ९:३०

केजच्या स्टँडवर सर मोटारसायकल घेऊन थांबलेत. निवृत्त विस्तार अधिकारी. गणाला दोन प्रशिक्षक, ही त्यांची जोडी. सरांनी दोनशेचं पेट्रोल टाकलंय. स्टँडवर दोन कट चहा, वीस रुपये, ते ताई देतात. मग आत बारा-तेरा किलोमीटर, शेवटचा तुकडा कच्चा. मी मागून दुसऱ्या गाडीवर.

गावातलं सभागृह पत्र्याचं आहे. शिपाई झाडून घेतोय. खुर्च्या भाड्याच्या. रांगेत लावलेल्या आहेत आणि समोर टेबलावर पांढरं कापड, हार, पाण्याच्या बाटल्या. ताई आधी टेबल बाजूला ओढतात. मग खुर्च्या. एकेक उचलून गोल करतात. शिपाई म्हणतो, “साहेब लोक कुठं बसतील?” ताई म्हणतात, “गोलातच.”

हे काम त्या दर वेळी स्वतः करतात. रांगा असल्या की बाया शेवटच्या रांगेत जातात, हे त्यांनी इतक्यांदा पाहिलंय की त्यावर आता बोलतही नाहीत. खुर्च्या हलवतात.

सकाळी १०:३०

पत्रकावरची वेळ. आलेत नऊजण. त्यात सहा अंगणवाडी सेविका आणि आशा. त्या वेळेवर येतात, कारण त्यांना दुपारी परत जाऊन रजिस्टर भरायचं असतं.

सकाळी ११:१०

आता चाळीसच्या आसपास लोक आहेत. हजेरीच्या तक्त्यापाशी गर्दी. एक पांढऱ्या शर्टातला माणूस सरपंचाच्या नावापुढं सही करायला वाकतो. सर विचारतात, “आपण?” तो म्हणतो, “सरपंच.” यादीत बाईचं नाव आहे. महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांना आहेत, २०११ पासून.

“मालकीण बाहेर गाडीत बसल्यात,” तो सांगतो.

ताई बाहेर जातात. सरपंचबाई जीपमध्ये, डोक्यावर पदर, मांडीवर पर्स. ताई त्यांचा हात धरून आत आणतात, खुर्चीवर बसवतात आणि पेन त्यांच्या हातात देतात. मग त्या माणसाकडं वळून म्हणतात, “भाऊ, तुम्ही बी थांबा. पण त्या बाजूला गावकरी बसलेत, तिकडं.” आवाज चढलेला नाही. तो जातो. नातेवाइकांनी कारभारात ढवळाढवळ करू नये असं शासनाचं परिपत्रक आहे. सरांच्या फाइलमध्ये त्याची प्रत असते. ती काढायची वेळ आज आली नाही.

ओळखीचा कार्यक्रम. नाव, गाव, पद, आणि मागच्या ग्रामसभेत तुम्ही काय बोललात. पहिल्या तीन गोष्टी सगळे भरभर सांगतात. चौथीला थांबतात. एक सदस्य म्हणतो, “ग्रामसभा झाली असंल, सही घ्यायला रजिस्टर घरी आलतं.” हसू फुटतं. ताई हसत नाहीत. चार्टवर लिहून ठेवतात.

दुपारी १२:००

सर खडू घेतात. फळ्यावर दहा लाखाचा आकडा.

“समजा, पंधराव्या वित्त आयोगाचे दहा लाख आले. मोकळे किती?”

कुणी म्हणतं सगळे, कुणी म्हणतं निम्मे. सर मांडून दाखवतात. साठ टक्के बंधित, म्हणजे सहा लाख. त्यातले तीन पाण्याचे, तीन स्वच्छतेचे. ते दुसरीकडं वळवता येत नाहीत. उरले चार लाख, ते अबंधित. त्यातूनही पगार भागवायचा नाही. म्हणजे मंदिरापुढचा ब्लॉक, कमान, स्मशानभूमीचा रस्ता असं जे जे गावात रोज बोललं जातं ते सगळं त्या चार लाखांत बसवायचं.

मग गावाचं स्वतःचं उत्पन्न. घरपट्टी, पाणीपट्टी. समजा दोन लाख वसूल झाले. पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, तीस हजार. दहा टक्के महिला-बालकल्याण, वीस हजार. पाच टक्के दिव्यांगांसाठी, दहा हजार.

“आणि वसूलच झाले नाहीत तर?”

प्रश्न एका तरुण उपसरपंचाचा. सर खडू खाली ठेवतात. “तर तीसही नाही, वीसही नाही, दहाही नाही. घरपट्टी थकली की आधी त्या दिव्यांगाचे दहा हजार बुडतात.” हे वाक्य मी कुठल्या पुस्तिकेत वाचलं नव्हतं. सरांची नोकरी नमुना १ ते ३३ चाळण्यात गेली. अंदाजपत्रक, रोकडवही, आकारणी, मागणी, पावती. आकड्यामागं कोण उभं आहे हे त्यांना दिसतं.

आता ताई कागद वाटतात. ज्याच्या त्याच्या गावाचा. खोलीतला आवाज बदलतो. माना खाली जातात, बोटं ओळीवरून फिरतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या शेजारी आशा सरकतात आणि हळू आवाजात वाचून दाखवतात.

“भाऊसाहेब,” एक सदस्य उभा राहतो, “ह्यात गटार दिसतीय. कुठं झाली?”

ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, “शाळंमागची.”

“ती तर निम्मीच हाय.”

क्षणभर शांतता. भाऊसाहेबांचा चेहरा पडलेला. ताई मध्ये पडतात. भांडण लावायचं नाही, सोडून पण द्यायचं नाही. “एमबी कुणाकडं आहे? मोजमाप पुस्तिका?” ती पंचायत समितीत अभियंत्याकडं. “पुढच्या मासिक सभेत ती मागवायची. विषयपत्रिकेवर घ्या. आत्ता लिहा.” सदस्य लिहितो. भाऊसाहेबही लिहितात.

नंतर भाऊसाहेब मला बाजूला सांगतात. दोन गावांचा चार्ज. सप्टेंबरात पाऊस झाला तेव्हापासून पंचनामे, मग याद्यांतल्या दुरुस्त्या, शिवाय १७ सप्टेंबरला सुरू झालेलं समृद्ध पंचायतराज अभियान, त्याचे फोटो, त्याची माहिती. २०२४ मध्ये पदाचं नाव ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी झालं, काम तेच. ते तक्रार करत नाहीत. फक्त एकेक मोजतात. मला वाटतं, अशा वर्गात त्यांनाही सदस्यांइतकंच बोलू दिलं पाहिजे. ताई ते करतात, म्हणून सांगतो.

दुपारी १:४०

जेवण. पुरी, बटाट्याची भाजी, वरण-भात, बुंदी. ताट शंभराला ठरलंय. एक सदस्य बाई पटकन जेवून डोक्याला पदर खोचते आणि निघायला बघते. कापूस वेचायचा राहिलाय. आजची मजुरी बुडाली. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता, कापसाला वजनावर मिळतात. सदस्याला प्रशिक्षणाचा भत्ता किती, हे ती विचारते. सर खरं ते सांगतात. जेवण आणि चहा.

ताई तिला थांबायला सांगत नाहीत. विचारतात, “अक्का, तुझ्या वार्डात काय पाहिजे, तेवढं सांगून जा.” ती दारात उभी राहून सांगते. वस्तीवर जाणारा पाण्याचा पाइप, मधल्या ओढ्यात उघडा पडलेला. तिच्या नावानं चार्टवर पहिली नोंद होते.

दुपारी २:२०

अंगणात नकाशा. रांगोळीनं रस्ता, निळीनं ओढा, विटकरी पुडीनं घरं. सुतळी ताणून वॉर्डाच्या हद्दी. इथं बाया पुढं येतात. रांगोळी त्यांच्या हातातली वस्तू आहे आणि गावातली प्रत्येक गल्ली त्यांच्या पायाखालची. पुरुष कडेनं उभं राहून चुका काढतात, मग तेही बसतात.

घरं मांडून झाली. ताई ज्वारीचे दाणे देतात. “कुलूप असलेल्या घरावर दाणा ठेवा.”

गावठाणात तुरळक दाणे पडतात. मग तांडा येतो, मग डोंगराकडची वस्ती. तिथं मूठ संपते आणि ताईंना आणखी दाणे द्यावे लागतात. काही घरांत फक्त म्हातारी माणसं आणि पोरं. मुख्याध्यापक सांगतात, हंगामी वसतिगृहामुळं काही पोरं मागं राहिलीत, रात्रीची ती आजीकडं झोपतात. आशा एका दाण्याकडं बोट करते. “हितली बाई सातव्या महिन्यात गेली. फडातच बाळंत होईल.” कुणी काही बोलत नाही. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून हाच जिल्हा देशभर चर्चेत होता. ती चर्चा विधिमंडळात झाली. त्या बायकांचं गाव, त्यांची आशा, त्यांचं घर इथं, या अंगणात आहे.

यशदाच्या पुस्तिकेत नऊ विषय आहेत. गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव असे. त्यातला एखाद-दुसरा गावानं आधी निवडायचा असतो. बहुतेक गावं जलसमृद्ध निवडतात, ते साहजिक आहे. आज एका गावानं आरोग्यदायी निवडलं. का, ते कुणी विचारलं नाही. दाण्यांकडं सगळ्यांनीच पाहिलं होतं.

दुपारी ३:१५

अभिरूप ग्रामसभा. दिवसातला हा भाग ताईंना सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो बघितल्यावर मलाही. सकाळी जीपमधून आणलेल्या सरपंचबाई अध्यक्षाच्या खुर्चीत. बाकीचे गावकरी. एकजण मुद्दाम दारुड्या, एकजण ठेकेदार, एकजण ‘आमचा ठराव आधी घ्या’ म्हणणारा.

सरपंचबाई गप्प. नवरा पलीकडून खुणा करतोय. ताई जाऊन खुणांच्या मधोमध उभ्या राहतात.

“वाचा, विषय क्रमांक एक.”

बाई वाचतात. आवाज इतका बारीक की पत्र्यावरच्या कबुतरांचा जास्त ऐकू येतो. “मोठ्यानं.” पुन्हा. “अजून.” तिसऱ्यांदा त्यांचा आवाज मागच्या खुर्चीपर्यंत पोचतो. दारुड्याचं सोंग घेतलेला मुख्याध्यापक उठून आरडाओरडा करतो. सरपंचबाई दचकतात, मग अचानक म्हणतात, “तुम्ही खाली बसा. तुमचा विषय पाचवा हाय.”

टाळ्या. बाई पदर नीट करतात आणि पुढचा विषय वाचायला घेतात. आता कुणाला काही सांगावं लागत नाही.

मग गणपूर्ती. सर विचारतात, सभेला किती माणूस लागतं? मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातलं कमी ते. सात दिवस आधी नोटीस, दवंडी, आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा. तरुण उपसरपंच बोटांवर मोजतो. त्याच्या गावचे मतदार, त्यातून फडावर गेलेले, त्यातून शेतात असणारे. “२६ जानेवारीला आमच्याकडं गणपूर्ती होत न्हाई. तहकूब होती.”

“मग?”

“मग तहकूब सभेला अट न्हाई. दहा-पंधरा जण बसतात आन् आराखडा मंजूर.”

कायद्यानं ते बरोबर आहे. आणि त्या दहा-पंधरांत तांड्यावरचं कुणी नसतं. म्हणजे गावातली सगळ्यात गरजू घरं ज्या महिन्यांत बाहेर असतात, त्याच महिन्यांत त्यांच्या नळाचा, रस्त्याचा, अंगणवाडीचा निर्णय होतो.

एका गावच्या सदस्यानं फोन लावलाय. स्पीकरवर. पलीकडं त्याचाच सहकारी, कराडकडच्या फडात. मागं पाचटाचा खसखसाट, कुणाची तरी हाक. “ताई, मपल्या वस्तीवरचा हातपंप लिवा. दोन वर्सं झाली, हात मारला की नुसती हवा येती.” ताई विचारतात, वस्तीत घरं किती, दुसरा पंप किती लांब, दुरुस्तीला कुणी आलं होतं का. तो सगळं सांगतो. गाडी भरायची वेळ झाली म्हणून फोन बंद करतो.

फोनवरचं बोलणं ग्रामसभेच्या इतिवृत्तात धरता येत नाही. ताई ते स्पष्ट सांगतात. मग चार्टवर हातपंप लिहितात आणि विचारतात, “हे गावात मांडणार कोण?” चहाच्या पेल्यांमधून एक हात वर येतो. त्याच वस्तीवरची अंगणवाडी सेविका.

दुपारी ४:३०

डोंगल. सर खिशातून एक काढून दाखवतात. बोटाएवढी वस्तू. सरपंचाची आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची अशा दोन्ही डिजिटल सह्या लागल्याशिवाय पोर्टलवरून पैसे जात नाहीत.

“तुमचा डोंगल कुठं आहे?” ताई सरपंचांना एकेक करून विचारतात. कपाटात. ऑफिसात. केंद्रचालकाकडं. एकजण म्हणतो, “पाव्हण्याकडं असंल.” ताई तिथं थांबतात. “दादा, ती तुमची सही आहे. उद्या काही झालं तर नाव पाव्हण्याचं येणार नाही.” तो माणूस मान हलवतो. थोड्या वेळानं मोबाइल घेऊन बाहेर जातो.

आणि मग तो प्रश्न येतो. शेवटच्या दहा मिनिटांत, एका पन्नाशीच्या सदस्याकडून. “ताई, तुम्ही म्हणता इचारा, लिवा, एमबी मागवा. इचारल्यावर काय व्हतं ते बघितलं की जिल्ह्यानं.”

सगळी खोली ताईंकडं बघते.

“एकट्यानं विचारू नका,” ताई म्हणतात. “ठराव करा. पन्नास सह्या घ्या. बायांच्या सभेत आधी मांडा, मग ग्रामसभेत. कागदाची एक प्रत पंचायत समितीला, एक तुमच्याकडं, पोच घेऊन. एकटा माणूस दिसतो. पन्नास सह्यांतला माणूस दिसायला वेळ लागतो.”

तो सदस्य म्हणतो, “एवढ्यानं भागतं का?”

“सगळं भागत नाही,” ताई म्हणतात. “पण ह्याच्याशिवाय दुसरं माझ्याकडं नाही.”

संरक्षण देणं प्रशिक्षकाच्या हातात नाही. ते पोलिसांचं आणि शासनाचं काम आहे. ताईंनी खोटा धीर दिला नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

सायंकाळी ५:२०

अभिप्रायाचे फॉर्म. बहुतेकांनी ‘उत्तम’वर खूण केलीय. ताई ते फारसे बघत नाहीत. चार्टची गुंडाळी करतात. उरलेले मार्कर मोजतात, पाचच आहेत. अंगण झाडलं जातंय, नकाशा पुसला जातोय. त्याचे फोटो काढून झालेत. ज्वारीचे दाणे कोंबड्या टिपतात.

सरपंचबाई जीपकडं निघता निघता परत येतात. “ताई, ती विषय वाचायची तऱ्हा एकदा फोनवर सांगाल का? २६ जानेवारीच्या आधी.” ताई नंबर देतात. १० रुपयांच्या वहीवर त्या स्वतःच्या हातानं लिहून घेतात. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावच्या सरपंचाला २०२४ च्या निर्णयानं महिन्याला सहा हजार मानधन आहे, आधी तीन होतं. बाईंचं मानधन कोणत्या खात्यात जातं, हे ताईंनी विचारलं. त्यांच्याच. कार्ड कुणाकडं, हे नाही विचारलं. “पहिल्या दिवशी एवढंच,” ताई मला म्हणाल्या.

सायंकाळी ६:५०

केज स्टँड. अंधार पडलाय. एसटी उशिरा. बाकड्यावर फडकं उघडून भाकरी-चटणी. शेजारी एक म्हातारं जोडपं दोन नातवंडांना घेऊन बसलंय. पोरांचे आईबाप फडावर. ताई विचारतात, कोणतं गाव? ते सांगतात. ताई म्हणतात, तुमच्या गावचा वर्ग परवा आहे. म्हातारा म्हणतो, “कसला वर्ग?” ताई एसटी येईपर्यंत त्याला समजावून सांगतात.

रात्री ९:१५

बीड. पाय धुऊन ताई पुन्हा मोबाइलशी. आजचे फोटो चढवायचे, हजेरीचा तक्ता चढवायचा, दोन पानी अहवाल टाइप करायचा. दिवसाचा खर्च त्या एका जुन्या डायरीत लिहितात. झेरॉक्स दीडशे, एसटी शंभर, चहा वीस, मार्कर एक हरवला. समोर मानधनाचा रकाना रिकामा. उद्या दुसरा गण, धारूर तालुक्यातला. यादी आलीय. पेन्सिल घेऊन त्या नावांपुढं ‘ऊस’ लिहायला बसतात.

या वर्गात शिकवलं जातं ते खरं आहे आणि उपयोगाचं आहे. मी दिवसभर ते होताना पाहिलं. चुकतो तो महिना. आराखड्याची मोहीम दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होते आणि गणाचे वर्ग त्यानंतर लागतात. देशातल्या बहुतेक जिल्ह्यांना ते चालत असेल. बीडला चालत नाही. इथं मे ते सप्टेंबर गाव भरलेलं असतं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला तांडाही असतो, वस्तीही असते, कोयत्यावर जाणारे सदस्यही असतात. जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ मध्ये प्रशासक आले, नोव्हेंबर २०२५ मध्येही तेच होते. वर्गांचा महिना बदलायला कुठल्या निवडणुकीची वाट बघावी लागत नाही. जिल्हा परिषदेनं आणि यशदानं बीडपुरते तरी हे वर्ग जुलैत घ्यावेत आणि १५ ऑगस्टच्या सभेत लोकांकडून कामं सुचवून घ्यावीत. कोयते गावातून निघायच्या आत.